‘माह्या हातानं काही बिघडत नाई’

मी पत्रकं लिहिते. पत्रकात माणसाला दोनच जागा असतात. तो आपल्या बाजूचा असतो, नाहीतर समोरच्या. मधली जागा ठेवली की वाचणारा पत्रक घडी करून खिशात घालतो आणि चहा प्यायला निघून जातो. भंडाऱ्यात मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहिले, ते घरमालक या दोन्ही जागांत बसत नव्हते. समोरचे म्हणावेत तर आमचं काम त्यांनी वाचवलं. आपले म्हणावेत तर ते बुडवायलाही तेच निघाले होते. त्यांच्यावर पत्रक निघू शकत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

अख्खी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची. मीही म्हणायचे. घराणं पितळी भांडी ठोकणाऱ्यांचं. एकेकाळी या शहराला सकाळची जाग हातोड्यांच्या आवाजानं यायची, असं ते सांगत. आणि ज्याची झोप त्या आवाजानं मोडली नाही त्याला ते भंडाऱ्याचा मानायला तयार नसत. मी तुमसर तालुक्यातली, बपेऱ्याकडची. म्हणजे माझा तर प्रश्नच मिटला. पुढं स्टील आलं, भट्ट्या विझल्या, आणि पोटासाठी काकाजी वरठीच्या पोलाद कारखान्यात लागले. निवृत्त होईपर्यंत सायकलनं गेले-आले. ज्या धातूनं घरचा धंदा खाल्ला त्याच्यासारख्याच धातूचा पगार घेतला. याचा राग त्यांनी कारखान्यावर कधी काढला नाही. तो घरातल्या पेल्यांवर काढला.

स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं तर ते पीत नसत. लग्नाला गेले तर पिशवीत स्वतःचा पितळी गडवा, म्हणजे तांब्या. तहसीलला गेले तरी गडवा. एकदा दवाखान्यात भरती झाले, तेव्हा सलाइनच्या स्टँडला गडवा लटकवलेला मी डोळ्यांनी पाहिला. नर्स म्हणाली, “बाबा, हे काय?”

“हे भांडं हाये,” काकाजी म्हणाले. “तुमच्या टेबलावर हाये ते डबडं.”

धातूची कोणतीही वस्तू दिसली की बोटाच्या पेरानं ती ठोकायची आणि कान लावायचा, ही त्यांची सवय. देवळातली घंटा, नळ, एसटीतला दांडा, माझ्या डब्याचं झाकण. मग निकाल यायचा. “कच्चा.” “पोकळ.” “याच्यात भेसळ हाये.” माणसांसाठीही हेच शब्द. शेजारच्या वकिलाला ते ‘पोकळ’ म्हणत आणि तो समोर असताना म्हणत. मी राहायला आले त्या दिवशी त्यांनी माझ्या गठ्ठ्यातलं एक पत्रक उचललं, उभ्या उभ्या वाचलं, आणि म्हणाले, “आवाज लय मोठा हाये वं पोरी. आतून कसा हाये, ते ठोकल्याशिवाय नाई समजत.” त्या दिवसापासून मी ‘परचेवाली’. काकू मला नावानं हाक मारायच्या. काकाजींनी माझं नाव कधी विचारलंच नाही.

रविवार म्हणजे घासण्याचा दिवस. पिवळं आणि मळकं दिसलेलं त्यांना पाहवत नसे. चिंच भिजत घालायची, आंघोळीच्या चुलीतली राख चाळून घ्यायची, नारळाचा काथ्या घेऊन अंगणात बसायचं. घरातली भांडी झाली की दाराच्या कड्या, मग कोयंडे, मग सायकलची घंटी. मग भाडेकरूंची कुलपं, न विचारता. माझं कुलूप त्यांनी असं लखलखीत केलं की चिंचेचा चोथा आत बसला आणि किल्ली फिरेना. मी बाहेर, सभेचे फलक आत. मी त्यांना सरळ सांगितलं की दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावू नये.

“कुलूप तुह्यं हाये,” ते म्हणाले. “पितळ माह्यं.”

आणि चूक मान्य करणं नाही. कधीच नाही. काकूंच्या शेगडीचं पितळी बर्नर त्यांनी असंच एकदा घासलं. ज्योत निम्मी झाली.

“तुमी घासलं आन् भोकं बुजली,” काकू म्हणाल्या.

“गॅस कमी येऊन राहिला.”

नवं सिलेंडर लावलं. ज्योत निम्मीच.

“हेही तसंच निंगालं,” काकाजी म्हणाले. “आजकाल भरतच नाई बरोबर.”

शेवटी काकूंनी सुई घेऊन एकेक भोक मोकळं केलं. ज्योत फुलली. काकाजींनी ती पाहिली, मान हलवली, आणि म्हणाले, “पाहा, आला ना गॅस.” मग त्यांचं ठरलेलं वाक्य: “माह्या हातानं काही बिघडत नाई.”

या जातीची माणसं मला नवीन नव्हती. चूक न मानणारे मी कार्यालयांतून रोज पाहते. तिकडं अशा माणसाच्या हातात सही असते. इकडं काथ्या होता. फरक तेवढाच, असं मी तेव्हा म्हणायचे.

आता बोडीचं सांगते. बोडी म्हणजे आमच्याकडचा छोटा तलाव. शहराच्या कडेला अशी एक बोडी होती आणि तिच्या काठानं मुरूम टाकून प्लॉट पाडणं चालू होतं. कागदावर बोडी जिथल्या तिथं होती. जमिनीवर ती दर पावसाळ्यानंतर आकसून दाखवत होती. पाणी कुठवर असायचं हे ठामपणे सांगू शकणारी माणसं म्हणजे तिथं पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारे ढिवर, आणि त्यांतली सगळ्यांत जुनी बायजाबाई. मी तिला काठावर उभी केली आणि तिचं बोलणं मोबाइलवर टिपलं. ती बोलत बोलत चालली आणि काठीनं जागा दाखवली. मोबाइल भरला होता, म्हणून ते सगळं मी घरच्या संगणकात टाकलं आणि मोबाइल रिकामा केला. माझं सगळं लक्ष तेव्हा तिच्या बोलण्यात होतं, काठी नेमकी कुठं टेकली ते मी लिहून घेतलं नाही. घ्यायचं कशाला, चित्र आहे ना.

पावसाळा सरता सरता बायजाबाई गेली. आमच्या तक्रारीची उपविभागीय अधिकाऱ्यांपुढची सुनावणी दिवाळीनंतर होती. आता बोडीची खरी कड दाखवणारं एकच साधन उरलं होतं, माझ्या खोलीतला तो संगणक.

तो जोडून दिला होता विलासनं. विलास नदीपलीकडच्या कारध्याचा. रोज पुलावरून मोटारसायकल घेऊन यायचा. बोडीसाठी लढणाऱ्या आमच्या गटात यंत्रांचं सगळं तोच पाहायचा आणि त्याबद्दल बोलायचाही फार. उन्हाळ्यात संगणक तापायला लागला तेव्हा त्यानं डब्याची एक बाजू काढून भिंतीला टेकवली. “लागू दे जराशी हवा,” म्हणाला. ती बाजू पुन्हा चढलीच नाही. आतल्या तारा, पंखा, पट्ट्या, सगळं उघडं.

दसऱ्याला मी आईसोबत दीक्षाभूमीला गेले. खोलीची किल्ली काकूंकडं होती, कारण नळ कधी येईल याचा नेम नसायचा आणि माझा ड्रम त्याच भरून ठेवायच्या. परत येऊन पाहते तर संगणकाच्या डोक्यावर झेंडूचं फूल आणि हळद-कुंकवाचं बोट. माझं डोकं फिरलं. मी पूजा करत नाही. माझ्या खोलीत माझ्या मागं कोणी करावी, हे तर मुळीच चालणार नाही. तशीच अंगणात गेले.

“खांडेनवमीले मी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करतो,” काकाजी म्हणाले. “माह्या हातोड्याची केली. काकूच्या शिलाई मशीनची केली. तुह्यं हत्यार कोणतं? हेच ना? मंग त्यानंच काहून उपाशी राहावं?”

यावर पत्रकात काय लिहायचं हे मला माहीत आहे. पण हे पत्रक नव्हतं, अंगण होतं. फूल काढलं, बोट पुसलं, विषय संपवला.

त्याच आठवड्यात संगणक निळा पडला.

ज्यांच्या घरी हे झालं असेल त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. तुम्ही काम करत असता. अचानक सगळा पडदा निळा होतो. वर एक रडका चेहरा. खाली मजकूर, की तुमच्या संगणकाला अडचण आली आहे, आम्ही माहिती गोळा करतो आहोत, नंतर तो पुन्हा सुरू होईल. अडचण कोणामुळे आली ते नाही. कधी सुटेल ते नाही. अशी उत्तरं मी आयुष्यात पुष्कळ वाचली आहेत, शिक्क्यासकट. पण यंत्रानंही तेच शिकावं याची मला चीड आली.

बरं, त्याला काही रीत असेल तर शपथ. कधी टाइप करताना. कधी काहीच करत नसताना. मी चहा आणायला उठावं आणि वळून पाहावं तर निळं. कधी दिवसभर शहाण्यासारखं चालायचं. पण पेन ड्राइव्हवर बायजाबाईला घ्यायला गेलं की मध्येच निळं. निदान चालू चित्राचं दुसऱ्या मोबाइलनं चित्र घ्यावं म्हटलं, तर म्हातारी काठावरून चालत यायची, खाकरायची, काठी उचलायची, आणि निळं. ती काठी कुठं टेकते ते काही केल्या दिसेना.

बाजारातल्या दुकानात नेलं. दुकानदारानं डब्याला हातही लावला नाही.

“फॉरमॅट मारा लागते, ताई.”

“आतलं?”

“आतलं जाईन. पण मशीन एकदम नवीन होईन.”

मी त्याला जे बोलले ते छापण्याजोगं नाही. डबा उचलला आणि रिक्षात घातला. बिघाड कळत नसला की सगळं पुसून टाका, म्हणजे नवीन. बोडीवर दुसरं काय चाललं होतं?

विलासनं आपल्या परीनं सगळं केलं. व्हायरस शोधला, सापडला नाही. नव्यानं आलेलं अपडेट काढून पाहिलं. पडदा, आवाज चालवणारे आतले सगळे प्रोग्रॅम पुन्हा टाकले. विजेचा भरवसा नाही म्हणून कुठून तरी स्टॅबिलायझर आणला. त्यानंतर यंत्र एक सबंध दिवस नीट चाललं, त्यानं समोसे मागवले, आणि समोसे यायच्या आत निळं झालं.

या सगळ्या दिवसांत काकाजी रोज एकदा दारात यायचे. डब्याला पेरानं टक्‌टक् करायचे, कान लावायचे. “आवाज तर बरा हाये,” म्हणायचे. आणि आमच्याइतकेच चिडायचे.

“हे आपोआप नाई होत, परचेवाली. कोनंतरी केलं. ज्यानं केलं त्याले चौकात उभं करा. मी येतो पाहाले.”

मलाही तेच वाटत होतं. आमच्या फलकांना आधी डांबर फासून झालं होतं. गाडीचं टायर कापून झालं होतं. सुनावणीच्या तोंडावर संगणक बिघडावा आणि तो योगायोग असावा, असं मानायला मी काही पाळण्यातली नव्हते. तेवढ्यात विलास म्हणाला, “आतली डिस्क काढून दे. मी कारध्याले नेतो, माह्या मशीनले लावतो, कॉपी करून आणतो.” उपाय बरोबर होता. पण आदल्याच दिवशी कळलं होतं की बोडीत मुरूम टाकणाऱ्या टिप्परवर त्याचा भाऊजी ड्रायव्हर आहे. विलासनं हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

मी डिस्क दिली नाही. आजही त्या परिस्थितीत कोणी मागितली तर देणार नाही. गटाची बैठक झाली. मशीन त्यानंच जोडलं, बाजू त्यानंच उघडी ठेवली, आता डिस्कही त्यालाच पाहिजे, असं एकेक बोलणं निघालं. विलासला काढायचं ठरलं. तसं निवेदन लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी ते हातानं लिहिलं, कारण संगणकाचा भरवसा नव्हता. ‘यंत्रात हेतुपुरस्सर छेडछाड’ असे शब्द त्यात होते. दुसऱ्या दिवशी ते गावोगाव जाणार होतं.

त्याआधी त्याला तोंडावर सांगावं म्हणून मी रविवारी सकाळी विलासला बोलावलं. अंगणात काकाजींचं घासणं चालू होतं. विलास आला, स्टुलावर बसला. मी कागद त्याच्या पुढं सरकवला. त्यानं तो शेवटपर्यंत वाचला.

“भाऊजी टिप्परवर हाये,” मी म्हटलं.

“हाये. त्याले पोट नाई का?”

“सांगितलं काहून नाही?”

“सांगतलं असतं तर त्याच दिवशी काढलं असतं तुमी. आता काढून राहिले, फरक काय पडला?” तो उठला. “जातो. जाता जाता एकदा चालू करून पाहतो. मले त्याची आदत झाली.”

त्यानं बटण दाबलं. या खेपेला निळंही झालं नाही. पडदा काळाच राहिला आणि डब्यातून आवाज यायला लागला. लांब, एकसुरी, थांबून थांबून. टूंऽ. टूंऽ. टूंऽ. इतक्या दिवसांत तो असा कधी बोलला नव्हता.

काकाजी दारात आले. हातात काथ्या, कोपरापर्यंत चिंचेचं पाणी. धातूचा आवाज असो की यंत्राचा, त्यांचे कान आधी पोचत.

“कोण रडून राहिलं हे?”

विलास आपण काढले गेलो आहोत हे विसरला. गुडघ्यावर बसला, मोबाइलचा उजेड आत धरला. “काकाजी, हा रॅमचा आवाज हाये. म्हणजे रॅमची पट्टी धरून नाई राहिली. हे पाहा, हे उभी पट्टी. हिले खाली बारीक पिवळे दात असतात, ते त्या खाचेत बसतात. दातावर काही बसलं का कधी लागते, कधी सुटते. म्हणूनच हे कधी चाले, कधी निळं होये. मी गाढव, इतके दिवस आतलं पाहत बसलो, दात पाहिलेच नाई.”

“दात मळले नसन,” काकाजी म्हणाले.

“मळलेच असतील ना.”

“नाई मळले.” त्यांचा आवाज जरा वर गेला. काथ्यातून माझ्या उंबऱ्यावर पाणी ठिबकत होतं. डब्याचं टूंऽ चालूच होतं. त्यांची नजर टेबलावरच्या कागदावर गेली.

“हे कायचं?”

“विलासला गटातून काढतोय आम्ही,” मी म्हटलं. “यंत्र यानंच बिघडवलं असा संशय आहे. उद्या छापून जाणार.”

त्यांनी ओल्या हातानं कागदाला हात लावला नाही. वाकून, टेबलावर होता तसाच वाचला. ओठ हलवत वाचायची त्यांना सवय होती, म्हणून ते कुठं पोचले ते कळत होतं. ‘छेडछाड’ या शब्दापाशी ते थांबले. मग वळले आणि निघून गेले. मला वाटलं, झालं, घासायला बसले.

थोड्या वेळानं परत आले ते हात धुऊन आणि कारखान्याचा जुना खाकी सदरा घालून. हा सदरा ते फक्त कामासाठी कुठं अर्ज द्यायला जाताना घालत. स्टुलावर बसले नाहीत. उभेच राहिले.

“लिही, परचेवाली,” म्हणाले. “विलासचं नाव काट. तिथं माह्यं टाक.”

“काकाजी, काय बोलून राहिले तुमी?” विलास म्हणाला.

“तू थांब. नवमीले मी पूजेले आलो. डबा उघडाच होता. फूल कुठं ठेवावं म्हणून आत पाहिलं तं ते पट्टी दिसली. तिचे दात पिवळे, पण मेलेले. मले नाई पाहावलं. दोन्हीकडच्या खिट्ट्या सरकवल्या, पट्टी काढली, चिंचेनं घासली, राख लावली, दुपट्ट्यानं पुसली, होती तशी बसवली. चमकून राहिली होती. बटण दाबून पाहिलं, दिवा लागला.” ते थांबले. पुढचं वाक्य त्यांना येत नव्हतं; तोंडाला त्याचं वळणच नव्हतं. “माह्या हातानं बिघडलं,” ते म्हणाले.

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या. पायरीवर बसल्या. “तरी मी म्हणत होती, नवमीची चिंच येवढी सरली कुठं,” म्हणाल्या. मग जरा वेळानं, “ते शेवटचं पुन्हा एकदा म्हणा जी. मले नीट ऐकू नाई आलं.”

“म्हटलं ते म्हटलं,” काकाजी म्हणाले.

मला बोलायचं पुष्कळ होतं. खोलीत न विचारता येणं, यंत्राला हात लावणं, एका माणसाची अब्रू वेशीवर टांगायची वेळ आणणं. मुद्दे मनात क्रमानं उभे होते. पण मी बोलू शकले नाही, कारण मला हसू येत होतं. कोणी फितूर नव्हतं. कोणी आत शिरलं नव्हतं. आमच्या गटात भोक नव्हतं. फक्त चिंच होती. मला जर कोणी आधी सांगितलं असतं की एक दिवस घरमालकाच्या घुसखोरीनं मला इतकं हलकं वाटेल, तर मी त्याच्यावरही पत्रक काढलं असतं.

विलासनं वायर काढली आणि पट्टी बाहेर घेतली. दातांवर तपकिरी, चिकट पापुद्रा होता. खाचेच्या कोपऱ्यात राख. एका टोकाला कुंकवाचा कण. त्यानं ते मला दाखवलं. काकाजींना दाखवलं नाही. मग माझ्या पेटीतलं खोडरबर मागितलं, काकूंनी औषधाच्या डब्यातलं स्पिरिट दिलं, एक कोरा दातांचा ब्रश निघाला. तो खोडरबरानं हलके हलके दात पुसू लागला.

“आण, मी करतो,” काकाजी म्हणाले.

“काकाजी, तुमी हात मागं बांधा.”

त्यांनी खरंच बांधले. खाकी सदरा, पाठीमागं हात, शाळेत उभं केल्यासारखे. पण तोंड बांधता येत नव्हतं. “म्हणजे घासाच तर लागते ना,” ते म्हणाले. “मीनं वेगळं काय केलं?”

“रबरानं घासा लागते. कोरडं. चिंचेनं नाई.”

“हे आधी कंपनीनं लिहावं ना वर. वरून सोन्याचं पाणी देते, आन् एवढी चिंच नाई पचत त्याले. पितळ असतं तं बोललं नसतं.”

खाच ब्रशानं झाडली, स्पिरिटनं पुसली, सुकू दिली. पट्टी खटकन बसली. विलासनं बटणाकडं बोट नेलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. टूंऽ आलं नाही. पडदा उजळला, आणि नेहमीची चित्रं आली.

बायजाबाईला लावलं. ती काठावरून चालत आली. खाकरली. काठी उचलली. विलासनं माउसवरून हात उचलला होता. काठी खाली आली आणि पाण्याच्या कडेला अर्ध्या बुडालेल्या एका सपाट धोंड्यावर टेकली.

“इथवर पाणी राहे,” बायजाबाई म्हणाली. “हा धोंडा माह्या सासूचा. इथंच बसून आमी पाण्याचे पितळी गुंड घासो. बोडीच्या गाळानं घासो. सोन्यावाणी निंगे.”

पडदा निळा झाला नाही. ती बोलत राहिली, मासळीचं, पाळीचं म्हणजे बोडीच्या बांधाचं, कोणत्या साली पाणी रस्त्यावर आलं त्याचं, आणि शेवटी “झालं का वं पोरी, पाय दुखते,” म्हणून थांबली. विलासनं तिला पेन ड्राइव्हवर घ्यायला लावलं. सगळी आली. काकूंनी डोळ्याला पदर लावला. त्या बायजाबाईकडून मासळी घ्यायच्या.

काकाजी मात्र पडद्याच्या अगदी जवळ गेले होते. “ऐकलं का?” ते म्हणाले. “गाळानं घासो म्हणते. बरोबर हाये. चिंचेचा आंबट मागं राहते. गाळ धुऊन जाते. मी हेच म्हणत होतो.”

ते हे कधीच म्हणत नव्हते. पण त्या सकाळी त्यांच्याकडून आणखी काही कबूल करून घ्यायची माझी हिंमत नव्हती.

मी निवेदनाचा कागद फाडायला घेतला तर विलासनं हिसकून घेतला. “राहू दे. माह्यं नाव येवढ्या मोठ्या अक्षरात पुन्हा कोण लिहीन?” मी माफी मागितली नाही. त्यानंही भाऊजीची गोष्ट लपवल्याची मागितली नाही. काकूंनी समोसे मागवले; ते आले तेव्हा मी माझ्या वाटचा त्याला दिला आणि त्यानं तो खाल्ला. पेन ड्राइव्ह काकाजींनी ताब्यात घेतला, एका पितळी डब्यात ठेवला, झाकण लावलं, आणि सुनावणीच्या दिवसापर्यंत त्या डब्याला कोणाला हात लावू दिला नाही. चोरापासून नाही, म्हणाले. स्टीलपासून.

सुनावणीत बायजाबाई बोलली. ऐकणाऱ्यांनी मोबाइल खाली ठेवले. मग काठी टेकली त्या जागी मधल्या काळात पडलेला मुरूम उकरला गेला आणि खाली धोंडा निघाला, घासून घासून मधोमध खोलगट झालेला. काकाजी तिथंही होते. त्यांनी तो पेरानं ठोकून पाहिला, हे लिहायला नकोच. मुरूम टाकणं थांबवा आणि मोजणी नव्यानं करा, असा आदेश झाला. आदेश म्हणजे काय हे मला कळतं. मोजणी कशी रेंगाळते हेही कळतं. लढणं चालू आहे. पण धोंडा आता उघडा आहे, आणि या पावसाळ्यात पाणी त्याच्यापर्यंत आलं.

पुढच्या वर्षी मी दुसऱ्या खोलीत गेले. गटाला कार्यालय मिळालं होतं. त्याआधी एक दसरा त्या घरात निघाला. नवमीला मी खोलीतच होते. संगणकाची बाजू लावलेली, स्क्रू आवळलेले. काकाजी उंबऱ्यापाशी येऊन थांबले. हातात झेंडूचं फूल. चिंच नव्हती, मी आधी तेच पाहिलं.

“येऊ का?” ते म्हणाले.

हा प्रश्न त्यांनी त्या घरात कोणाला विचारलेला मी ऐकला नव्हता.

“मी पूजा मानत नाही, काकाजी.”

“तुले कोण मान म्हणते? मी त्याले भेटाले आलो.”

मी बाजूला झाले. त्यांनी फूल डब्यावर ठेवलं, पेरानं टक्‌टक् केलं, कान लावला.

“कसा आहे?”

“पक्का,” ते म्हणाले, आणि माझ्याकडं एकदा पाहिलं. मला वाटलं आता माझाही निकाल येतो. पण जाता जाता त्यांची नजर माझ्या दाराच्या कडीवर गेली. कडी मळकी झाली होती. त्यांचा हात तिच्याकडं गेला, थांबला, आणि परत पाठीमागं गेला.

“घासू का?” त्यांनी विचारलं.

“घासा,” मी म्हटलं. “थांबा, कुलूप तेवढं काढून घेते.”